गाठीचा वळ

जुन्या बाजारात, रविवारी,
किल्ली हरवलेल्या कुलपासोबत
मौलाचाचांनी ते कार्ड माझ्याकडे सरकवलं:
"फोटोवाल्या ना तुम्ही? चाळीस द्या दोन्हीचे."
जाड पुठ्ठा. मागे जर्मन शिक्का, पुसट.
पुढे एक बाई, कमरेपर्यंत उघडी,
पाठीशी पडद्यावर रंगवलेली केळ,
आणि खाली छापील अक्षरांत
नाव नाही,
नुसती जमात, आणि 'सुंदरी'.

मी नाना पेठेत रिटचिंग करते. एकोणीस वर्षं झाली.
अण्णा काचेवर शिसपेन्सिल फिरवायचे, मी माउस फिरवते.
देवीचे व्रण, चष्म्याचा डाग, सासरी नको असलेला तीळ.
काम तेच, होतं ते नव्हतं करायचं.
"जरा उजळ करा हो मुलीला,"
सांगताना आया आवाज खाली आणतात.
किती, एवढंच मी विचारते.

लोक चेहरा बघतात, मी कातडी बघते.
भिंग लावलं.
एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत
छातीवर एक आडवी रेघ,
आणि मधोमध
बोराएवढा खळगा.

परकराची नाडी सोडली की वळ कसा दिसतो
हे मला कुणी शिकवायला नको.
पाव तास राहतो. फार तर अर्धा.
म्हणजे पाव तासापूर्वी ही बाई नेसलेली होती.
म्हणजे कुणीतरी म्हणालं, सोड.
दुभाष्याने सांगितलं असेल, नजर दुसरीकडे ठेवून,
किंवा न ठेवता.
आणि मग साहेब स्वतः
डोक्यावरून काळं कापड ओढून
आत शिरला असेल.
हलू नको, म्हणाला असेल.

बुधवारी तुसेकिले आली.
टांझानियाची, फार्मसीला तिसऱ्या वर्षात, कोंढव्यात राहते.
परदेशी नोंदणीच्या ऑफिसला आठ फोटो हवेत:
मागे पांढरं, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही.
कार्ड काउंटरवरच होतं. लपवायचं राहून गेलं.
तिने उचललं. पंखा फिरत होता तेवढाच आवाज.
मी घाईघाईने रेघ दाखवली,
जणू माझाच काही पुरावा होता तो.
ती म्हणाली, "खळगा मधोमध नाहीये.
जरा डावीकडे आहे. आजी पण तिथेच बांधते गाठ."
मी पट्टी लावून मोजलं.
तिचं बरोबर होतं.

"कापड परत घालता येईल हिला?"

रात्री बसले.
रविवार पेठेतल्या एका छापील सुती तुकड्याला स्कॅन केलं,
घड्या पाडल्या, सावल्या भरल्या,
गाठ मारली, जरा डावीकडे.
छान बसलं.
आणि वळ झाकला गेला.
तिच्या बाजूने बोलणारी तेवढी एकच खूण,
ती मी चांगल्या मनाने पुसली होती.
एकेक पायरी मागे गेले,
ती पुन्हा उघडी होईपर्यंत.
ते बोट माझंच होतं.

तुसेकिलेचे फोटो करताना पाहिलं,
सॉफ्टवेअर न विचारता आधी उजळ करतं चेहरा.
इतकी वर्षं ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
बंद केलं. हनुवटीवरची जुनी खोक राहू दिली.
तिने आठ मोजून घेतले,
"कान आलेत," म्हणाली, आणि हसली,
फोटोत चालत नाही तसं.

कार्ड नेतेस का, विचारलं.
"माझ्या खोलीत? आम्ही तिघी राहतो.
हिला कुठे उभी करू?"

तर ते माझ्या खणात आहे.
पालथं ठेवलं की साहेबाचा शिक्का वर येतो,
उताणं ठेवलं की ती.
शेवटी रुमाल टाकला वरून.
कुलूप शेजारीच पडलंय,
उघडं.